छातीतला फूटव्हॉल्व्ह

गळ्यात माळ घालून मला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. सोनोग्राफीच्या टेबलावर शर्ट वर सरकवून आडवा पडलो होतो. पोट घागरीसारखं तट्ट फुगलेलं. त्यावरून मशीन फिरवता फिरवता डॉक्टरांनी विचारलं, "दारू किती वर्षांपासून चालू आहे?"

"घेत नाही साहेब."

"कधीच नाही?"

"माळकरी आहे."

ते पुढं काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर हातात जो इंग्रजी कागद पडला, त्यातली एक ओळ पुतण्याने वाचून दाखवली. रुग्ण दारू पीत असल्याचं नाकारतो, असा तिचा अर्थ. नाकारतो! म्हणजे घेतो, पण कबूल करत नाही. तो कागद घरात सगळ्यांनी पाहिला. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण त्या दिवसापासून आईने माझ्याकडं सरळ बघणं सोडलं. पोटातल्या पाण्यापेक्षा मला त्याचा त्रास जास्त झाला.

हे २०१९ सालच्या दिवाळीनंतरचं. माझं लिव्हर बिघडलं होतं हे खरंच होतं. पण ते दारूने बिघडलेलं नव्हतं. त्याचं कारण माझ्या हृदयात होतं, आणि हृदयातली ती मोडतोड अडीच वर्षांपूर्वी सातारा-पुणे रस्त्यावर खंबाटकी घाटाच्या उतारावर झाली होती. हे कळायला आणखी सव्वा वर्ष जायचं होतं.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले. आल्याचं पीक घेतो. मार्च २०१७ मध्ये दोन गाड्या आलं घेऊन पुण्याला मार्केट यार्डात निघालो होतो. आमच्याकडं आल्याची एक गाडी म्हणजे पाचशे किलो, तेव्हा पिकअपमध्ये माल एक टन. गुलटेकडीला पहाटेच्या आत पोचायचं म्हणून रात्री एक वाजता घर सोडलं. मी एकटाच होतो. खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याकडं जाताना उताराला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण तेव्हा लागायचं, ते या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. वेगही फार नव्हता. पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला, मीही मारला, पण मागं हजार किलोचा रेटा होता. पिकअप ट्रकच्या मागच्या लोखंडी पट्टीवर जाऊन आदळली आणि मी स्टिअरिंगवर.

सीटबेल्ट लावलेला नव्हता. तो सीटच्या फटीत खोचून ठेवायची सवय होती.

रक्त फारसं आलं नाही. कपाळाला खोक, ओठ फुटलेला, बस. पण छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं आणि श्वास आत घेता येईना. १०८ची गाडी आली. एका खासगी दवाखान्यात सहा दिवस होतो. छातीच्या मधल्या हाडाला चीर, डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडलेल्या. पोटाचा सीटी स्कॅन केला, त्यात काही नव्हतं. कार्डिओग्राम काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "थोडा वेगळा आलाय, पण एवढा मार लागल्यावर येतो असा." इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला नाही. हाड जुळेल, दीड महिना वजन उचलू नका, म्हणून घरी सोडलं. सगळ्यांनी सांगितलं, मोठ्या संकटातून वाचलास. मलाही तसंच वाटलं. आईने शिखर शिंगणापूरला जाऊन अभिषेक केला.

हाड जुळलं. मधोमध एक उंचवटा राहिला, बोट फिरवलं की लागायचा. दोन महिन्यांनी मी परत आल्याच्या गादीवाफ्यांवर उभा होतो.

पहिली खूण बायकोला दिसली. पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली होती, ती मोबाइलचा उजेड पाडून काहीतरी शोधत होती. उजेड माझ्या मानेवर आला आणि ती थांबली. "अहो, तुमच्या मानेत काय उडतंय?" मी हात लावून पाहिलं. उजव्या बाजूला, कानाच्या खाली, कातडीखालून लाट वर चढत होती आणि उतरत होती. दुखत नव्हतं. मी म्हणालो, "बारीक झालोय म्हणून शीर दिसते." तिने दोन-तीनदा विचारलं, मग विषय मागं पडला. आज तिची माफी मागून झाली आहे, पण पुन्हा सांगतो: रोग पहिल्यांदा तिने ओळखला होता. त्याचं नाव तेवढं तिला माहीत नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि हाच या दुखण्याचा कावा आहे. मला दम लागत नव्हता. उताणा झोपलो तरी गुदमरत नव्हतो. छातीत दुखत नव्हतं. फक्त थकवा. साठ किलोचं पोतं पाठीवर घेऊन पिकअपमध्ये टाकणारा मी, दुसऱ्या पोत्याला बांधावर बसायला लागलो. जेवण अर्ध्यावर आलं. दोन भाकरी खाल्ल्या की पोट गच्च व्हायचं. संध्याकाळी चपलेचे पट्टे पायावर उमटायचे. मी वय म्हणायचो, वय पस्तीस!

२०१९च्या आषाढीला लोणंदहून माउलींच्या पालखीबरोबर निघालो. आमची दिंडी दरवर्षी तिथूनच सामील होते. लोणंद ते तरडगाव हा काही मोठा टप्पा नव्हे. मधे चांदोबाचा लिंब लागतो, तिथं वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. माउलींचा अश्व दोन रांगांमधून धावत येतो तेव्हा माणूस आपोआप पुढं ओढला जातो. त्या दिवशी अश्व माझ्यासमोरून गेला आणि मी खाली बसलेला होतो. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते, अंगठ्याने दाबलं की खड्डा पडून राहत होता. तरडगावच्या मुक्कामावर विणेकरी बाबा जवळ येऊन बसले. पाय पाहिले, डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला. हळूच म्हणाले, "माळ घातल्यावर तरी सोडायची होतीस पोरा." मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोने घरी आलो.

मग डॉक्टर सुरू झाले. एकाने काविळीचं औषध दिलं. एका गावी काविळीवर झाडपाल्याचा रस देतात, तिथंही जाऊन आलो. मग वर सांगितलेली सोनोग्राफी. पोटात पाणी, लिव्हर मोठं झालेलं. ब आणि क दोन्ही प्रकारच्या काविळीच्या तपासण्या नकारार्थी आल्या, म्हणजे उरली दारू! सुई घालून पोटातलं चार लिटर पाणी काढलं. लघवीच्या गोळ्या दिल्या, सूज उतरली, महिन्याभरात परत चढली. त्या सोनोग्राफीच्या कागदावर खाली आणखी एक ओळ होती, ती तेव्हा कोणीच वाचली नाही: लिव्हरच्या शिरा आणि हृदयाकडं जाणारी मुख्य शीर फुगलेली आहे. उत्तर त्याच कागदावर, दारूच्या ओळीच्या चार बोटं खाली होतं.

२०२० साल लॉकडाउनमध्ये गेलं. वारी नाही, बाजार नाही, दवाखान्यात जायची भीती. हातापायांच्या काड्या आणि पोटाचं मडकं, असं शरीर झालं. मी आरशात बघणं सोडलं.

जानेवारी २०२१ मध्ये मेव्हण्याने जबरदस्तीने साताऱ्याला एका डॉक्टर मॅडमकडं नेलं. वय तिशीच्या आसपास असेल. त्यांनी मागचे कागद आधी बाजूला ठेवले आणि मला खाटेवर पाठीला उशी लावून अर्धवट बसवलं. मान डावीकडं वळवायला सांगितली. मग त्या नुसत्या माझ्या मानेकडं बघत राहिल्या. मिनिटभर तरी. तिथली खिडकी उघडी होती, बाहेर एसटी स्टँडवरचा भोंगा ऐकू येत होता. त्यांनी माझ्या उजव्या बरगडीखाली पंजा ठेवून पोट हलकंच दाबलं, आणि नजर मानेवरच. नंतर एक हात पुढून, एक हात पाठीमागून असं लिव्हर दोन हातांत धरलं आणि म्हणाल्या, "हे ठोके देतंय."

मला कळलं नाही. त्यांनी माझाच हात तिथं ठेवला. खरंच, नाडीसारखं लिव्हर आतून हाताला ढकलत होतं.

स्टेथोस्कोप लावायला शर्टाची बटणं काढली तेव्हा त्यांचं बोट छातीच्या त्या उंचवट्यावर थांबलं. "इथं काय झालं होतं?"

चार वर्षांत हे विचारणारी ती पहिली व्यक्ती. मी अपघात सांगितला. त्यांनी विचारलं, स्टिअरिंग? मी हो म्हणालो. जुना कार्डिओग्राम आहे का? बायको सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते, त्या दिवशी तिने पिशवीच बरोबर आणली होती. २०१७चा कागद पिवळट पडला होता, पण रेघा दिसत होत्या. हृदयाच्या उजव्या बाजूला वीज उशिरा पोचत होती, त्याला राइट बंडल ब्रांच ब्लॉक म्हणतात. मॅडम म्हणाल्या, छातीच्या हाडाला चीर पडलेली आणि कार्डिओग्राम बदललेला, अशा माणसाचा इको त्याच आठवड्यात व्हायला हवा होता, आणि काही आठवड्यांनी परत एकदा. त्यांच्या आवाजात राग होता. माझ्या बाजूने कोणी रागावलं आहे, हे मला फार दिवसांनी ऐकू आलं.

इको तिथंच झाला. डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला गार जेली, अंधारी खोली. पडद्यावर हृदय उघडझाप करत होतं. मॅडमनी दाखवलं: हे चार कप्पे, ही डावी बाजू, ही उजवी. डावीकडची झडप दाराच्या दोन फळ्यांसारखी नीट मिटत होती. उजवीकडची मिटत नव्हती. तिची एक पाकळी, सगळ्यांत मोठी पुढची, मोकळी सुटली होती. गोठ्याच्या दाराला लावलेलं पोतं खालून सुटलं की वाऱ्याने जसं आत-बाहेर फडफडतं, तशी ती प्रत्येक ठोक्याला मागं उलटी पडत होती. मग त्यांनी रंग चालू केला. निळा लोट खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात मागं भळाभळा जात होता. पुढं जायचं रक्त.

मला तिथंच समजलं, कारण हे मी विहिरीवर आयुष्यभर पाहिलं आहे. मोटारीच्या पाइपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. त्याची चकती फाटली की मोटार बिचारी पळतच राहते, पाणी अर्धं वर आणि अर्धं परत विहिरीत. मी म्हणालो, "मॅडम, फूटव्हॉल्व्ह गेलाय म्हणा की." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगदी तेच."

आता जे मला कळलं आहे ते नीट सांगतो, कारण आमच्याकडं पिकअप, ट्रॅक्टर, बैल, घरोघरी आहेत आणि छातीला मार बसणं ही रोजची गोष्ट आहे.

हृदयाची उजवी बाजू छातीच्या मधल्या हाडाला अगदी चिकटून मागं असते. पाठीमागं मणका. स्टिअरिंग आदळलं की हृदय या दोन हाडांत चेंगरतं. त्या क्षणी कप्पा रक्ताने भरलेला आणि झडपा मिटलेल्या असतील, तर आतलं रक्त जाईल कुठं? पाण्याने भरून तोंड बांधलेल्या पिशवीवर बुक्की मारावी तसं होतं. झडपेच्या पाकळ्या खालून बारीक, पांढऱ्या दोऱ्यांनी कप्प्यातल्या मांसल खुंट्यांना बांधलेल्या असतात. दोरी तुटते, किंवा खुंटीच उपटते, किंवा पाकळी फाटते. बाहेरून कातडीवर ओरखडाही नसतो. कधी खुंटीला नुसता मुका मार बसतो आणि ती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तुटते, म्हणून पहिला इको चांगला आला तरी दुसरा करायचा.

डाव्या बाजूची झडप अशी तुटली तर माणसाला थांबायला वेळ मिळत नाही. महाधमनीची झडप फाटली किंवा डावीकडच्या दोन कप्प्यांमधली, मायट्रल झडप खुंटीसकट सुटली, की रक्त फुप्फुसात तुंबतं आणि तासा-दिवसांत श्वास कोंडतो. त्यातले बरेच जण दवाखान्यापर्यंत येतही नाहीत. अमेरिकेत १९५८ साली पार्मली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीच्या मुक्या माराने हृदयाला इजा झालेल्या ५४६ शवविच्छेदनांचा अभ्यास छापला होता. पुढं माझं ऑपरेशन केलं त्या सर्जननी मला त्याबद्दल सांगितलं तेव्हा त्या आकड्यानं मी गप्प झालो. त्या मेलेल्या माणसांच्या छातीवर बसला तोच मार माझ्याही छातीवर बसला होता. माझी झडप उजवी होती एवढाच फरक. उजव्या बाजूला दाब कमी असतो, म्हणून गळती वर्षानुवर्षं सोसली जाते. रक्त फुप्फुसाकडं तुंबत नाही, उलट मागं, मानेच्या शिरांत, लिव्हरमध्ये, पोटात, पायांत तुंबतं. म्हणून दम नाही, थकवा. म्हणून उताणं झोपता येतं. आणि म्हणून लोकांना दारू दिसते.

त्या दिवशी निघताना मी मॅडमना एक विनंती केली. तुम्ही जे सांगितलंत ते मराठीत लिहून द्याल का. त्यांनी विचारलं नाही कशाला. लेटरहेडवर लिहिलं: "अपघातात छातीला मार लागल्यामुळे हृदयाची झडप फाटली आहे. पोटातील पाणी व कावीळ त्यामुळे आहे. मद्यपानाशी संबंध नाही." खाली सही, शिक्का, तारीख.

घरी येऊन तो कागद आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. मुलीने वाचून दाखवला. आई देवघरापाशी गेली, कागद विठ्ठलाच्या तसबिरीमागं ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून रडत बसली. तो कागद अजून तिथंच आहे.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात फेब्रुवारीत गेलो. सर्जननी नळीवाटे अन्ननलिकेतून करतात तो इको सांगितला. घसा बधिर करून जाड नळी गिळायची, अनुभव वाईट, पण हृदय पाठीमागून अगदी जवळून दिसतं. पुढच्या पाकळीच्या दोऱ्या खुंटीच्या टोकासकट तुटल्या होत्या. झडपेचं कडं ताणून रुंद झालं होतं. उजवा कप्पा वाढला होता, पण अजून जोर धरून होता. ते म्हणाले, "हा कप्पा एकदा थकला की झडप शिवूनही फार उपयोग होत नाही. तुम्ही काठावर आला आहात."

दोन वाटा होत्या. शिवून दुरुस्त करायची, किंवा बदलायची. धातूची झडप म्हणजे आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी, आणि उजव्या बाजूला रक्त संथ चालतं म्हणून तिथं धातूवर गाठ धरायची भीती जास्त. प्राण्याच्या पडद्याची झडप काही वर्षांनी झिजते, मग पुन्हा छाती उघडा. अडतीस वर्षांच्या माणसाला दुरुस्तीच चांगली, पण टेबलावर उघडल्याशिवाय शब्द देत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी दोन्हींच्या संमतीवर सही केली.

पैशांचं मोकळेपणाने लिहितो, कारण आमच्यासारखी माणसं तिथंच अडतात. आमचं केशरी रेशनकार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेचं ऑपरेशन बसतं. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडं रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट दिले, मंजुरीचे कागद वर गेले, मंजुरी आठवड्याने आली. वरचा खर्च झालाच, त्यासाठी एक गाय विकली. पण वावर विकावं लागलं नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या तीन आठवड्यांत लघवीच्या औषधांनी माझ्या अंगातलं नऊ किलो पाणी उतरवलं. नऊ किलो! मोजायला रोज सकाळी काट्यावर उभं राहायचो. पाणी गेल्यावर खाली माणूस किती थोडा उरला होता ते दिसलं.

मार्च २०२१. पुण्यात कोरोना परत चढत होता. नाकातून स्वॅब घेऊन निगेटिव्ह आल्यावरच दाखल केलं, बरोबर एकच माणूस. रक्तपेढीत रक्त नाही. गावातल्या गणेश मंडळाची सात पोरं दोन गाड्या करून आली, रक्त देऊन, वडापाव खाऊन रात्रीच परत गेली. मला भेटूही दिलं नाही. खिडकीतून खाली हात करणारी पोरं दिसली तेवढीच.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री परिचारिकेने माळ काढायला सांगितली. सोळा-सतरा वर्षांत ती उतरली नव्हती. मी बायकोच्या हातात दिली, तिने स्वतःच्या गळ्यात घातली.

ऑपरेशनबद्दल मला आठवण नाही, जे नंतर सर्जननी सांगितलं ते असं. जे हाड स्टिअरिंगने चिरलं होतं तेच करवतीने उघडलं. रक्त हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतलं. सुटलेली पाकळी गोअर-टेक्सच्या कृत्रिम दोऱ्यांनी खुंट्यांना परत बांधली. दोरीची लांबी हीच सगळी कसोटी असते, आखूड झाली तर पाकळी मिटत नाही, लांब राहिली तर परत उलटते. कप्प्यात सलाइन भरून पाकळ्या मिटतात का ते बघतात, गळतंय का ते बघतात. मग ताणलेलं कडं आवळून त्याला एक रिंग शिवली. झडप बदलावी लागली नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात व्हेंटिलेटरची नळी, बोलता येत नव्हतं. छातीखालून दोन रबरी नळ्या, आणि पोटावरून बाहेर आलेल्या दोन बारीक निळ्या तारा, टोकाला टेपने चिकटवलेल्या. ही झडप हृदयाला वीज पोचवणाऱ्या गाठीच्या अगदी शेजारी असते, टाक्यांनी तिला धक्का बसला तर ठोके बाहेरून द्यायला त्या तारा. पाचव्या दिवशी एका ज्युनिअर डॉक्टरने "मोठा श्वास घ्या" म्हणत त्या सरकन ओढून काढल्या. आतून कोणीतरी सुतळी ओढल्यासारखं वाटलं.

खोकला ही सगळ्यांत मोठी परीक्षा. एक लहान कडक उशी देतात, ती छातीशी घट्ट कवटाळायची आणि मग खोकायचं. तीन चेंडूंचं ते फुंकणीसारखं यंत्र, श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. घरी जाताना दोन वर जात होते.

पण खरं सांगायचं ते हे की, तिसऱ्या दिवशी पहाटे मी मानेला हात लावला. उजव्या बाजूला, कानाखाली. शांत. चार वर्षं जी लाट उठत होती ती नव्हती. मी परत परत हात लावत राहिलो. परिचारिकेला वाटलं दुखतंय.

घरी तीन महिने बंधनं. पाण्याची बादलीही उचलायची नाही, मोटारसायकल नाही, कुशीवर झोपायचं नाही. रक्त पातळ करायला ॲसिट्रोमची गोळी तीन महिने, आणि दर आठवड्या-पंधरवड्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, आकडा दोन ते तीनच्या मधे हवा. पहिल्या पंधरा दिवसांत तो एकदम खाली आला. विचारपूस झाली तेव्हा निघालं की, रक्त भरावं म्हणून आई रोज मेथी नाहीतर पालक वाढत होती. पालेभाजीतलं जीवनसत्त्व के गोळीच्या उलट काम करतं. बंद करायची नाही, पण रोज सारखीच खायची, हे आईला पटवायला मॅडमचा फोन लावून द्यावा लागला.

थोडी गळती आहे, ती राहील असं सांगितलं आहे. उजवा कप्पा पूर्वीएवढा लहान झाला नाही, पण वाढायचा थांबला. लिव्हर थोडं कडक आहे, त्याची सहा महिन्यांनी तपासणी. दातांचं काही करायचं झालं तर आधी प्रतिजैविक घ्यायचं, कारण हिरड्यांतले जंतू रक्तातून रिंगवर जाऊन बसू शकतात. दंतवैद्याला हे मला स्वतः सांगावं लागतं. साठ किलोचं पोतं आता उचलत नाही. तीस किलोची बांधून घेतो.

दोन वर्षं पायी वारी झालीच नव्हती. २०२२ साली सुरू झाली तेव्हा लोणंदला जाऊन उभा राहिलो. विणेकरी बाबा पालखी येण्याआधी भेटले. त्यांना गावाकडून सगळं कळलेलं होतं. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस, माझ्या पाया पडायला वाकला. मी धरलं. दोघांनाही बोलता येईना. त्या वर्षी तरडगावपर्यंतच चाललो, सर्जननी तेवढंच सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात चुलतभावाचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, रात्री मोटारसायकलवरून म्हशीला धडकला. हँडलचं टोक छातीत बसलं. हाड मोडलं नाही, एक्स-रे चांगला, दवाखान्याने संध्याकाळी घरी सोडलं. रात्री मी त्यांच्याकडं गेलो. मानेला हात लावून पाहिलं, काही नव्हतं. तरी सकाळी गाडीत घालून साताऱ्याला नेलं. चुलतभाऊ म्हणत होता, "अरे पोरगं जेवतंय, हिंडतंय, कशाला खर्च?" मॅडमनी कार्डिओग्राम काढला, इको केला. मी पडद्यापाशी उभा होतो. पुढची पाकळी, बाकीच्या दोन, तिन्ही जागच्या जागी मिटत होत्या. निळा लोट नाही. मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे, पण सहा आठवड्यांनी परत आणा.

पोरगं विसरून जाईल, चुलतभाऊ टाळेल. म्हणून तारीख आमच्याच कालनिर्णयावर लाल पेनने गोल करून ठेवली आहे. त्या दिवशी मार्केट यार्डाची फेरी नाही लावलेली.